सीटची ऊब

"सीट गरम असते, भावजी," दुफी म्हणाली. "सकाळी दार उघडून बसायला जावं, तर सीट कोंबट. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

एवढं बोलून तिने डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं आणि ती दुसरीकडे बघू लागली. तवियाहच्या हातातला पाना हातातच राहिला. हरमतान सुरू होऊन आठवडा झाला होता; वाळवंटाकडून येणाऱ्या त्या कोरड्या वाऱ्याने सगळ्या कुमासी शहरावर पिठासारखी धूळ अंथरली होती आणि सूर्य दुधात विरघळत चाललेल्या बत्ताशासारखा वर कुठेतरी होता. सुआमेच्या गॅरेजांच्या रांगेत त्याची चौतीस वर्षं गेली होती. पत्रा ठोकणाऱ्यांचा ठणठणाट, रंग मारणाऱ्यांच्या फवाऱ्याची फुसफुस, समोरच्या खाणावळीत फूफू कांडणाऱ्या मुसळाचा आवाज, हे सगळं त्याला आता ऐकू येत नसे, जसा स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. पण दुफीचं ते वाक्य संपलं आणि तो ठणठणाट एकदम ऐकू आला, आणि लगेच लांब गेला. जणू कुणी मोठं दार ओढून घेतलं.

समोर दोराने ओढत आणलेला पिकअप उभा होता. फिकट निळा, चाकांवरच्या पत्र्याला गंजाची नक्षी, मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत 'देवाला विचारा'. ती अक्षरं अफ्राकोमाने रंगवून घेतली होती. एकोणीस वर्षं तिने ह्याच पिकअपमधून एजुराहून यामचे कंद आणले, पहाटे निघायची आणि दुपारी धुळीने पांढरी होऊन परत यायची, स्वतः चालवायची, आणि बाजारातले हमाल हसले की त्यांच्याहून मोठ्याने हसायची. मागच्या वर्षी ती गेली. तिची भांडी, तिचं बसायचं स्टूल, तिच्या कापडांची पेटी आणि हा पिकअप रीतीप्रमाणे तिच्या आईच्या घरी गेले. बायकोचं ते बायकोच्या माहेरचं. नवऱ्याने त्यावर नजरही ठेवायची नसते. तवियाहने ठेवली नव्हती. किल्ली त्याने स्वतःच्या हाताने धाकट्या मेव्हणीच्या, दुफीच्या, तळहातावर ठेवली होती, आणि तेव्हा ती किल्ली किती हलकी आहे ह्याचंच त्याला नवल वाटलं होतं.

तीन आठवडे झाले, दुफी सांगत होती. संध्याकाळी गाडी ठीक असते, सकाळी बॅटरी मेलेली. ढकलून चालू करावी, दिवसभर पळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या बॅटरीवाल्या बाफोने दोनदा बॅटरी भरून दिली. पाद्रीबाबांनी बॉनेटवर पाणी शिंपडून प्रार्थना केली, त्या रात्री तर ती नेहमीपेक्षा लवकर मेली. मग घरातले थोरले म्हणाले, हे यंत्राचं काम नाही.

"मी काय म्हणते ते ऐका," दुफी म्हणाली. "ताईची नाराजी असेल, तर तिच्या वाहनाला मी हात लावणार नाही. चार वाजता भंगारवाले येतायत. कापून नेतील. मी शब्द दिलाय. त्याच्या आत तुम्ही मला सांगा, यंत्राचा दोष आहे की तिचा राग."

"यंत्रच आहे," तवियाह म्हणाला. फार पटकन म्हणाला, आणि ते त्याचं त्यालाच जाणवलं.

त्याने दार उघडलं नाही. कुणीही नवखा कारागीर आधी सीटला हात लावून बघेल, असं त्याच्या मनात आलं, पण त्याचा हात बॉनेटकडे गेला. रीत अशीच आहे, त्याने स्वतःला सांगितलं. बॅटरीपासून निघायचं, आणि जवळचं आधी, लांबचं नंतर. त्याने स्वतःची भरलेली बॅटरी बसवली, मायनसची वायर काढून बाजूला घेतली, आणि ती वायर आणि बॅटरी ह्यांच्या मध्ये त्याचा जुना बल्ब जोडला. त्याच्याकडे आकडे दाखवणारं मीटर होतं, भाचीने पाठवलेलं, डब्यातच होतं. त्याचा विश्वास ह्या बल्बवर होता. गाडीत सगळं बंद असेल तर बल्बही बंद राहतो. कुठेतरी चोरून वीज जात असेल, तर ती ह्या बल्बातून गेल्याशिवाय जाऊ शकत नाही, आणि जाता जाता तारेला लाली आणून जाते. पण ती लाली इतकी फिकी असते की दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणून तवियाह डोक्यावरून कापड घेई, आणि कापडासकट बॉनेटच्या आत वाके.

ते कापड काळपट तपकिरी होतं, झाडाच्या सालीत पुन्हा पुन्हा बुडवून रंगवलेलं, जाडजूड. अफ्राकोमाच्या मर्तिकाला त्याने तेच पांघरलं होतं. वर्ष झालं, वर्षाचा विधी झाला, लोकांनी पांढरं नेसून गाणी म्हटली, आणि सुतकाचं कापड घडी करून ठेवायचं असतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तवियाहने ते ठेवलं नाही. ह्याच्याइतका अंधार दुसऱ्या कशात पडत नाही, असं तो म्हणायचा.

"आलं बघा मढ्याचं कापड," बॅटऱ्यांच्या रांगेमागून बाफो म्हणाला. तो आणि तवियाह एकाच उस्तादाकडे शिकले होते, आणि गेली तीस वर्षं एकमेकांची चेष्टा करूनच दोघांनी दिवस काढले होते. "अहो ताई, गाडीवर सरळ लिहिलंय, देवाला विचारा म्हणून. तुम्ही मास्तरला कशाला विचारताय?"

दुफी हसली नाही. "भावजी, ते कापड गाडीवर नको," ती म्हणाली. "आधीच काय कमी आहे?" पण तोवर तवियाह आत गेला होता.

आत अंधार होता, आणि अंधाराला सालीचा, तेलाचा आणि जुन्या घामाचा वास होता. बाहेरची बोलणी कापडातून गाळून येत होती, पाण्याखाली ऐकू यावीत तशी. त्याने डोळे मिटले, थोडा वेळ थांबला, उघडले. आधी काहीच दिसलं नाही. अलीकडे असंच व्हायचं. डोळ्यांना वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात त्याला वाटायचं, आता ह्यापुढे दिसायचंच नाही. मग अंधारात एक तांबडा केस उमटला. बल्बची तार. फुंकर घातली तर जाईल अशी, पण जात नव्हती. कुणीतरी ह्या गाडीतून हळूहळू, न थांबता काहीतरी घेत होतं. तवियाह त्या लाल केसाकडे बघत राहिला. बघता बघता तो केस लांब गेला, आणि शेताच्या टोकाला कुणीतरी पेटवलेली काटकी झाला, आणि त्या काटकीपाशी बसलेल्या बाईचा चेहरा काही केल्या वळेना. अफ्राकोमाचा चेहरा आठवायला त्याला हल्ली युक्त्या कराव्या लागत. आधी तिचं हसू आठवायचं, मग पुढच्या दोन दातांतली फट, मग त्या फटीभोवती बाकीचा चेहरा जुळवत जायचं, तुटलेल्या वायरी रंगावरून जुळवाव्यात तसा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना तो सांगे, तिची एकही गोष्ट मी विसरलेलो नाही.

चाचपडत त्याने अल्टरनेटरची जाड वायर सोडवली. जुन्या गाड्यांत बहुधा इथेच असतं. दिवसा जो बॅटरी भरतो, तोच रात्री गुपचूप तिला पितो. आपल्या घरात असे किती जण असतात, असं त्याचा उस्ताद म्हणायचा. वायर सुटली. लाल केस तसाच होता. बरं, असं तो अंधारात म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं, का ते कळलं नाही. उत्तर इतक्या लवकर मिळायला नको होतं. कापडाबाहेर दुफी कुणाला तरी सांगत होती, ताई असताना एकदाही ही गाडी अडली नाही हो, एकदाही. खरं होतं. त्याला मर्तिकाच्या दिवशीच्या बायका आठवल्या, अंगणात गोल करून डोलणाऱ्या, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची:

जाशील गं बाई, घोटभर पाणी ठेवून जा,
मागून येणाऱ्याला वाट तुझी दावून जा.

त्या गाण्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. नवऱ्याचं नसतंच. तिच्या आईचं, आजीचं, आजीच्या आईचं होतं, नदीचं होतं. तो कडेच्या बाकावर हे कापड खांद्यावर घेऊन बसला होता आणि त्याच्या मनात सारखं एक वेगळंच कापड येत होतं. हिरव्यावर पिवळ्या मण्यांच्या ओळी असलेलं.

त्याने ते तिला दिलं होतं, पिकअप घेतला त्याच वर्षी. सहा वार, बाजारातलं उत्तम. आणि कापडाला नाव असतं हे दुकानात त्याच्या डोक्यातच आलं नाही, असा तो अडाणी. त्याला रंग आवडला, त्याने घेतलं. घरी आल्यावर तिने ते नाकाशी धरलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "चांगले मणी वाजत नाहीत." ते कापडाचं नाव होतं. बाईने ते नेसून बाजारातून जावं म्हणजे न बोलता सगळ्यांना कळतं की खऱ्या मोलाचं माणूस गाजावाजा करत नाही. पण नवऱ्याने बायकोला द्यावं म्हणजे काय होतं? फार वाजतेस, गप्प राहा, असं होतं. हे त्याला रात्री बिछान्यावर पडल्यावर उमगलं, आणि तो अंधारात उठून बसला होता. अफ्राकोमा झोपली होती, किंवा झोपली नव्हती. ते कापड तिने कधी शिवलं नाही, कधी नेसलं नाही. महिन्याभराने काहीतरी शोधताना त्याने पिकअपच्या सीटखालची पेटी उघडली, तर ते आत, जेवणाच्या डब्यावर आणि टॉर्चवर, घडी करून टाकलेलं. पोतं टाकावं तसं. त्याने झाकण लावलं. तो काही बोलला नाही, तीही काही बोलली नाही, आणि एकोणीस वर्षं ती त्या कापडावर बसून एजुराला गेली आणि आली. त्यांना मूल झालं नाही, ह्याचं दुःख दोघांनी मिळून केलं होतं, उघड, रडून. कापडाचं दुःख त्याने एकट्याने केलं.

फ्यूज आठ होते. तो एकेक काढत गेला आणि दर वेळी कापडाखाली येऊन बघत गेला. पुढचे दिवे काढले, केस लाल. भोंगा काढला, लाल. मागचे दिवे, वायपर, सगळे काढून झाले आणि आठ फ्यूज त्याच्या तळहातावर पडलेल्या दातांसारखे जमा झाले, तरी ती तार तिथे तेवत होती. तो बाहेर आला तेव्हा उजेड डोळ्यांत वाळूसारखा गेला. दोन वाजून गेले होते. बाफोने पानात गुंडाळलेला, आंबवलेल्या मक्याचा केंके आणि तळलेला मासा पुढे केला, आणि त्याचं तोंड बघून चेष्टा केली नाही.

"खा आधी," बाफो म्हणाला. "आणि एक सांगू का? सांग तिला की राग आहे म्हणून. जाऊ दे ती गाडी. वर्ष झालं, तवियाह. तू अजून त्या कापडाखालीच आहेस."

तवियाहने घास मोडला, तोंडाशी नेला आणि परत पानात ठेवला. समोर दुफी लाकडी ठोकळ्यावर बसून पिकअपकडे बघत होती, दवाखान्यात नातेवाईक बसतात तशी. तिला ही गाडी नको आहे असं नव्हतं. तिला भीती वाटत होती. अफ्राकोमाहून ती बारा वर्षांनी लहान. थोरलीने तिला पाठीला बांधून वाढवलेली. थोरलीचा राग ओढवणं म्हणजे आईचा राग ओढवणं. तिला आज त्याच्याकडून गाडी नको होती, एक शब्द हवा होता. आणि तो शब्द तिला द्यायचा तर त्याला आधी स्वतःला तो सापडायला हवा होता. कारण सकाळपासून, तिने सीट म्हटल्यापासून, त्याच्याही पोटात तेच होतं. राग असेल, तर तो दुफीवर कशाला असेल?

तो उठला, पिकअपपाशी गेला, दार उघडलं आणि तळहात सीटवर ठेवला.

ऊब होती. उन्हाची नव्हे, ऊन असं कुठे होतं, आणि पिकअप तर सकाळपासून छपराखाली. मधोमध, माणूस बसतं तिथे, खोलवरून येणारी ऊब. बाजूला, दाराकडे, गार. त्याने हात उचलला नाही. किती तरी पहाटे ती उठून गेल्यावर त्याने बिछान्यावर तिच्या जागेवर असाच हात ठेवला होता, अर्धवट झोपेत, आणि बाहेर अंगणात ह्याच इंजिनाचं खोकणं ऐकलं होतं, आणि हात तसाच ठेवून पुन्हा झोपला होता. ती झोप पुन्हा त्याच्या अंगावर येऊ लागली. त्याला वाटलं, काम राहू दे. आपण इथेच उभं राहावं, चार वाजावेत, पाच वाजावेत.

"आहे ना?" पाठीमागून दुफीने हळूच विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

मग तो पुन्हा बॉनेटकडे गेला, पण ह्या वेळी कारागीर म्हणून गेला. ऊब म्हणजे वीज. फ्यूजातून न जाणारी वीज म्हणजे कुणीतरी सरळ बॅटरीवरूनच घेतलेली वायर. कोण असलं काम करतं? नवशिका करतो, घाईतला करतो, ज्याला उद्याची पर्वा नाही तो करतो. त्याने प्लसच्या पकडीवरचा मळ खरवडला. दोन जाड वायरी, त्या असायच्याच. आणि त्यांच्या खाली, तेलाने काळी पडलेली, बोरूच्या काडीएवढी बारीक तिसरी. ती त्याने पकडीतून ओढून काढली आणि कापडाखाली डोकं घातलं. अंधार. पूर्ण, निखळ अंधार. लाल केस नाही. वायर पुन्हा टेकवली. केस उमटला. काढली. गेला. काम खरं तर इथेच संपलं होतं. वायर दुमडून टेप गुंडाळली की गाडी उद्या सकाळी चालू होणार होती. दुफीला 'यंत्र' म्हणून सांगता येणार होतं. पण तो कापडाखाली वाकून राहिला, आणि त्याची बोटं त्या बारीक वायरीवरून चालू लागली, एकटीच, आंधळ्याची काठी चालते तशी. बॅटरीच्या मागून, पाण्याच्या नळीखालून, इंजिन आणि केबिन ह्यांच्या मधल्या पत्र्याला पाडलेल्या एका भोकापर्यंत. भोकाच्या अलीकडे जोड होता. टेप वाळून पापुद्र्यासारखी निघाली, आणि तिच्या खाली बोटांना दोरा लागला.

तो कापड बाजूला सारून उजेडात आला. लाल शिवणदोरा, डिंकात भिजवून जोडावर गुंडाळलेला, सात वेढे आणि वरून उलटी गाठ. त्यांच्या उस्तादाने दोघांना असाच जोड शिकवला होता. बाफो पुढे बॅटऱ्यांच्या धंद्यात गेला. सगळ्या सुआमेत असा दोरा गुंडाळणारा माणूस आता एकच उरला होता.

तवियाहने दोऱ्यावरून अंगठा फिरवला. हे काम त्याचं होतं, आणि ते त्याला आठवत नव्हतं. आठवेना, डोकं खरवडून आठवेना. आपलीच सही दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर दिसावी तसं त्याला झालं. एवढं विसरलो, तर आणखी काय काय विसरलो असेन? तिच्या मरणाच्या आधीच्या आठवड्यात ती काय म्हणाली होती? दवाखान्यात तिने त्याच्याकडे बघून ओठ हलवले होते, ते काय होतं? तो ती वायर धरून उभा राहिला, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला, जणू ओढ दिल्यासारखं, काहीतरी हललं. पांढरं. पांढरं, चौकोनी, उंच. फ्रिज.

पिकअप घेतला त्या वर्षी रांगेच्या कोपऱ्यावर टाकलेला एक मोडका फ्रिज होता. अफ्राकोमा त्याचं दार उघडत होती, लावत होती, उघडत होती. श्रीमंतांच्या घरी म्हणे दार उघडलं की आत दिवा लागतो, ती म्हणाली, आणि लावलं की विझतो; मग तो खरंच विझतो की नाही हे कुणाला कळतं रे? तो हसला होता. मला तसं हवं, ती म्हणाली, माझ्या पेटीत. पहाटे अंधारात डबा सापडत नाही, गोळ्या सापडत नाहीत. झाकण उचललं की दिवा. किल्ली न लावता. आणि त्याने त्याच दुपारी फ्रिजच्या दारातलं ते, दाबलं की दिवा विझवणारं बटण उचकटून काढलं होतं, पेटीत बसवलं होतं, दहा वॅटचा एक दिवा जोडला होता आणि किल्ली नको म्हणून वायर सरळ बॅटरीवर नेली होती, फ्यूज उद्या घालू म्हणून. अर्ध्या तासाचं काम. तिने झाकण उचलून बघितलं, दिवा लागला, ती लहान मुलीसारखी ओरडली. दोन दातांतली फट. तो चेहरा आता पुरता होता, काहीही न जुळवता, धुळीसकट.

त्याने ती वायर पुन्हा बॅटरीच्या पकडीत खोचली. "दुफी," त्याने हाक मारली, "सीट उचलायला हात लाव."

सीट वर आली. खाली पत्र्याची पेटी, तिचं झाकण लागलेलं. फटीतून बारीक पिवळी रेघ बाहेर येत होती. दुफी दोन पावलं मागे सरकली. त्याने झाकण उचललं. पेटी रिकामी होती, आणि रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यात, जाळीजळमटात, एक छोटा दिवा कुणाच्याही कामाचा नसलेला उजेड देत होता. पेटीचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापला होता.

"हा रात्रभर?" दुफी म्हणाली.

"रात्रभर."

"बंद पेटीत? मग ताई असताना कसा..."

तेच तर तो बघत होता. त्याने झाकण हळूहळू खाली आणलं आणि फटीशी डोळा नेला. झाकण पूर्ण टेकलं, आणि बटण अजून दोन बोटं खाली होतं. झाकण त्याला शिवतसुद्धा नव्हतं. त्याने दोन बोटं मध्ये घालून मोजलं. दोन बोटं पुरती. बटण त्याने खाली बसवलं होतं. चुकीचं बसवलं होतं, पहिल्याच दिवसापासून. त्या दुपारी उघडून दिवा लागला एवढंच दोघांनी बघितलं, लावून विझतो का ते त्याने तपासलंच नाही. तरी एकोणीस वर्षं बॅटरी एकदाही मेली नव्हती.

"पेटीत काय होतं, दुफी?"

ती रुमालाशी चाळा करत राहिली. मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज पोरीचा झाला. वर्षाचा विधी झाल्यावर ताईची कापडं वाटली. घरातली सगळी वाटून झाल्यावर तिला आठवलं की गाडीतही एक आहे. भर दुपारी अंगणात तिने पेटी उघडली, भीतभीतच, डोळे अर्धे मिटून. डबा, टॉर्च सगळं काढलं. सर्वांत वर ते कापड होतं. तिच्या मुलीला नुकतंच बाळ झालं होतं. बाळ पाठीशी बांधायला तिने ते मुलीला दिलं. त्याच रात्रीपासून बॅटरी मरायला लागली. पुन्हा ती पेटी उघडायची तिची छाती झाली नाही.

"हिरवं," ती म्हणाली. "मण्यांचं. माझ्या मनात सारखं तेच, भावजी. तिचं एवढं जपलेलं आपण काढून घेतलं. ती रोज ते स्वतः घालायची आत. मी एकदा म्हटलं, ताई, इतकं चांगलं कापड गाडीत कशाला, मला दे. तर म्हणाली, ते कामावर आहे. रोजची घडी तशीच लागायची तिला, इकडची तिकडे चालायची नाही. बरोबर ह्या कोपऱ्यावर."

तिने बोट दाखवलं ते बटणाच्या जागेवर.

सहा वारांची घडी, झाकणाखाली, बटणावर. दोन बोटं. अफ्राकोमाला पहिल्याच रात्री कळलं असणार. पहाटे फटीतून रेघ दिसली असणार. तिने सांगितलं असतं तर तो दहा मिनिटांत बटण वर बसवून मोकळा झाला असता. पण तो त्या आठवड्यात सगळ्या रांगेला सांगत होता की मी बायकोच्या गाडीत फ्रिजचा दिवा बसवला, आणि लोक बघायला येत होते, आणि ती प्रत्येकाला झाकण उचलून दाखवत होती. ज्या दिवशी त्याने पेटी उघडून ते कापड बघितलं, त्या दिवशीही दिवा लागलाच असेल. त्याला फक्त कापड दिसलं. चांगले मणी वाजत नाहीत. एकोणीस वर्षं ती त्याच्या चुकीवर बसून हसत एजुराला गेली आणि आली, आणि वाजली नाही.

रस्त्याकडून भंगारवाल्यांची हातगाडी खडखडत आली. दोघं होते, साखळी आणि गॅसची टाकी घेऊन. त्यांनी बाफोला विचारलं, निळी तीच का? बाफोने तवियाहकडे बघितलं आणि त्यांना म्हणाला, थांबा जरा, मास्तर देवाला विचारतोय.

"वायर तोडून टाकू या ना?" दुफी म्हणाली.

पक्कड त्याच्या हातात होती. त्याने ती ठेवून दिली. डोक्यावरून खांद्यावर घसरलेलं ते काळपट कापड त्याने उतरवलं, झटकलं, आणि घडी घालू लागला. दोन पदर, चार, आठ. दुफीने पाहिलं, आणि तिला कळलं. क्षणभर तिचं तोंड नाही म्हणण्यासाठी उघडलं, मग तिने पुढे होऊन दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घातली, मर्तिकाच्या घरी घालतात तशी, कडेला कड लावून. तवियाहने ती कोपऱ्यावर ठेवली. झाकण लावलं, सीट खाली आणली.

"बघ जाऊन," तो म्हणाला. "बॉनेटमध्ये बल्ब आहे. ओंजळीत धर, उजेड जाऊ देऊ नकोस, आणि जरा वेळ बघ."

ती गेली. ओंजळीत तोंड घालून बराच वेळ वाकली. बाफो येऊन तिच्यामागे उभा राहिला.

"विझला," ती म्हणाली. मग ओंजळ सोडून, "भावजी, मग तिचा राग...?"

"नव्हता," तवियाह म्हणाला. "कुणावरच नव्हता." उद्या त्या वायरीत फ्यूज घालतो, बटणाला हात लावत नाही, असं त्याने सांगितलं. भंगारवाले कुरकुरत हातगाडी वळवू लागले आणि बाफो त्यांच्याशी थट्टा करत थोडं अंतर चालत गेला.

त्याने आठही फ्यूज आणि अल्टरनेटरची वायर परत जागेवर लावली, आणि दुफीने मायनसची वायर लावायला पाना उचलला. तवियाह दार उघडून सीटवर बसला. दिवसभर झाकलेल्या खांद्यांना हरमतानची गार हवा लागली. त्याच्या खाली ऊब होती, अजून होती. उद्या पहाटे ती नसेल, परवा नसेल, ह्यापुढे कुठल्याच सकाळी नसेल, ह्याची व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने केली होती. समोरच्या काचेवर धूळ होती आणि धुळीपलीकडे सूर्य आता नुसता पांढरा डाग. सीट हळूहळू निवत होती.

दुफी खिडकीशी आली, किल्ली पुढे केली. "चालू करून बघता?"

"थांब जरा," तो म्हणाला, आणि सीट पुरती गार होईपर्यंत बसून राहिला.